रूनपत्ते व त्यांच्या प्राचीनतेचा प्रश्न

उत्तर युरोपातील जर्मानिक लोकांची प्राचीन लिपी ‘रून’ या नावाने ओळखली जाते. या लिपीतील एकेक अक्षर व त्याला साजेसे चित्र छापलेले पत्ते आज भविष्यकथनासाठी विकले जातात. त्यांवरील सूर्यचक्रे, पशुपक्षी व वेलबुट्टी लोककलेच्या वळणाची असल्यामुळे हे पत्ते अखंड चालत आलेल्या परंपरेचे अवशेष आहेत, असा पाहणाऱ्याचा ग्रह होतो. हा ग्रह कितपत साधार आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात कर्तव्य आहे.

प्राचीनतेच्या बाजूने प्रथम पुढे केला जातो तो पुरावा रोमन इतिहासकार टॅसिटस याचा होय. इ. स. ९८ च्या सुमारास लिहिलेल्या ‘गेर्मानिया’ या ग्रंथाच्या दहाव्या प्रकरणात तो जर्मानिक लोकांच्या कौलाचे वर्णन करतो. फळझाडाच्या फांदीचे तुकडे करून त्यांवर खुणा करावयाच्या व ते पांढऱ्या वस्त्रावर विखरावयाचे. मग सार्वजनिक कार्य असल्यास पुरोहिताने व घरगुती असल्यास कुटुंबप्रमुखाने आकाशाकडे दृष्टी लावून एकेक करीत तीन तुकडे उचलावयाचे, अशी ती रीत. परंतु टॅसिटसने केवळ ‘काही खुणा’ एवढेच म्हटले आहे. त्या रून अक्षरे होत्या असे तो सांगत नाही. डेन्मार्कमधील व्हिमोसे येथील फणीवरचा प्रसिद्ध रून लेख इ. स. १६० च्या सुमाराचा आहे. नॉर्वेत २०२१ साली सापडलेल्या स्विंगेरुड शिळेमुळे लिपीचा काळ आणखी मागे जाऊ शकतो. तथापि तेवढ्याने टॅसिटसच्या खुणा व ही लिपी यांचे ऐक्य सिद्ध होत नाही.

प्रत्यक्ष लेखांची साक्ष काय आहे? नॉर्वेतील बर्गेन शहरी १९५५ च्या आगीनंतर झालेल्या उत्खननात सहाशेहून अधिक मध्ययुगीन रून लेख मिळाले. त्यांत मालावर बांधावयाच्या नावाच्या पट्ट्या आहेत, व्यापाराची पत्रे आहेत, प्रार्थना आहेत. ग्युदा नावाच्या स्त्रीने कोणास घरी परत बोलावल्याचा निरोपही आहे. अन्यत्र मंत्र व तोडगे यांचेही लेख आढळतात. पण संरक्षणाचा मंत्र निराळा आणि भविष्य विचारण्याचा कौल निराळा. अक्षरनामांचा अर्थ सांगणाऱ्या ‘रून-कविता’ इंग्लंड, नॉर्वे व आइसलंड येथे रचल्या गेल्या. इंग्लंडमधील कवितेचे हस्तलिखित १७३१ च्या आगीत नष्ट झाले. १७०५ साली जॉर्ज हिक्स याने ती छापली होती म्हणूनच ती उरली. या कवितांत संपत्ती, रानबैल, काटा इत्यादी नावांचे वर्णन आहे. कौल लावण्याचा विधी नाही.

कौलाचे खरे शास्त्रग्रंथ कसे असतात, हे मध्य आशियातील पोथ्यांवरून कळते. १८९० च्या सुमारास कुचा येथे मिळालेल्या बॉवर हस्तलिखितातील संस्कृत ‘पाशककेवली’त फाशांच्या प्रत्येक दानाला त्याचे फळ जोडलेले आहे. १९०७ साली ऑरेल स्टाइन यांना दुनहुआंग येथे मिळालेल्या ‘इर्क बितिग’ या प्राचीन तुर्की ग्रंथातही असेच ६५ शकुन असून बहुतेकांच्या शेवटी तो शुभ की अशुभ हे सांगितले आहे. विशेष असे की, या ग्रंथाची लिपीही बाह्य साम्यामुळे ‘रूनसदृश’ म्हटली जाते. जर्मानिक रूनांशी मात्र तिचा वंशसंबंध नाही. जर्मानिक रूनांपाशी चिन्ह व फळ यांची अशी सांगड घालणारी एकही प्राचीन पोथी नाही.

लोककलेशी रूनांचा खरा संबंध आहे, पण तो पंचांगाचा. स्वीडनमधील कोरीव दंडांवर पहिली सात रून अक्षरे आठवड्याचे वार दाखवीत. चांद्रचक्राच्या १९ वर्षांसाठी सोळा अक्षरांना आणखी तीन चिन्हे जोडलेली असत. नॉर्वेतील तशाच दंडांवर १४ एप्रिलला झाड व १४ ऑक्टोबरला हातमोजा, अशी ऋतुदर्शक चित्रे कोरलेली आढळतात. शेतकऱ्याची ही चित्रलिपी कामाचा दिवस सांगे, दैव नव्हे.

पत्त्यांचा उगम अन्यत्र शोधावा लागतो. टॅरो हा पंधराव्या शतकातील इटलीतला खेळ. त्याला गूढार्थ चिकटला तो १७८१ साली कूर द जेबलँ याच्या लेखनाने. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या संचात पामेला कोलमन स्मिथ यांनी प्रत्येक पत्त्यावर प्रसंगचित्र काढले आणि सचित्र शकुनपत्त्यांचा नमुना रूढ केला. रूनांच्या बाजूने ऑस्ट्रियाच्या गीडो फोन लिस्ट याने १९०८ साली अठरा चिन्हांची स्वकल्पित मालिका प्राचीन म्हणून प्रसिद्ध केली. १९८२ साली राल्फ ब्लम यांच्या पुस्तकाने चोवीस रूनांत एका कोऱ्या खड्याची भर घातली. तिलाही प्राचीन आधार नाही. या दोन प्रवाहांच्या संगमातून रूनपत्ते जन्मास आले.

हा वाद केवळ कालनिर्णयाचा नाही. इंग्लंडमधील कवितेत ज्या अक्षराचा अर्थ ‘सूर्य’ आहे, त्यालाच लिस्टने ‘विजय’ हा अर्थ दिला. आणि त्याच अक्षराची जोडी पुढे नाझींच्या एस. एस. संघटनेच्या गणवेशावर झळकली. कल्पित प्राचीनतेला राजसत्तेचे पाठबळ मिळाले म्हणजे काय घडते, याचे हे उदाहरण होय. म्हणून रूनपत्ते टाकाऊ ठरवू नयेत. ते विसाव्या शतकाच्या मनोवृत्तीचे साधन म्हणून अभ्यासावेत, लोहयुगाचे साधन म्हणून नव्हे.