ब्रायन क्रेब्स : संगणक सुरक्षेचे स्वतंत्र वार्ताहर

संगणकीय गुन्हेगारीचा मागोवा घेणाऱ्या पत्रकारांमध्ये अमेरिकेचे ब्रायन क्रेब्स यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. डिसेंबर २००९ पासून ते कोणत्याही वृत्तसंस्थेच्या सेवेत नसून ‘क्रेब्स ऑन सिक्युरिटी’ या स्वतःच्या संकेतस्थळावरून लेखन करतात. संस्थेचे पाठबळ नसताना शोधपत्रकारिता करण्यातील सामर्थ्य आणि जोखीम या दोहोंचे दर्शन त्यांच्या कारकिर्दीतून घडते.

जडणघडण

क्रेब्स यांचा जन्म १९७२ मध्ये अलाबामा राज्यात झाला. जॉर्ज मेसन विद्यापीठातून १९९४ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय अभ्यास या विषयाची पदवी संपादन केली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकाच्या वितरण विभागात नोकरीस लागलेले क्रेब्स पुढे वार्ताहर झाले. २००१ मध्ये ‘लायन’ नावाचा वर्म, म्हणजेच आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, त्यांच्या घरच्या संगणकांत शिरला आणि स्वतःच्याच संगणकाचा ताबा त्यांना गमवावा लागला. या घटनेनंतर ते संगणक सुरक्षेच्या अभ्यासाकडे वळले.

मार्च २००५ मध्ये त्यांनी ‘पोस्ट’च्या संकेतस्थळावर ‘सिक्युरिटी फिक्स’ हा ब्लॉग सुरू केला. कॅलिफोर्नियातील ‘मॅककोलो’ या कंपनीच्या सर्व्हरवरून मोठ्या प्रमाणावर स्पॅम, म्हणजेच अनाहूत ई-मेल, नियंत्रित केले जात असल्याचे पुरावे त्यांनी तिला इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपन्यांसमोर ठेवले. नोव्हेंबर २००८ मध्ये ती जोडणी तोडण्यात आली आणि जगभरातील स्पॅमचे प्रमाण तात्काळ निम्म्याहून अधिक घटले.

स्वतंत्र वाटचाल

‘पोस्ट’मधून बाहेर पडल्यानंतर क्रेब्स यांनी गुन्हेगारांच्या गुप्त चर्चास्थळांचे निरीक्षण हेच आपल्या कामाचे प्रमुख साधन बनवले. १८ डिसेंबर २०१३ रोजी त्यांनी ‘टार्गेट’ या अमेरिकी दुकानसाखळीतून ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीस गेल्याचे वृत्त दिले. काळ्या बाजारात विक्रीस आलेली आपली कार्डे बँकांनी विकत घेऊन तपासली असता, ती सर्व ‘टार्गेट’च्या दुकानांत वापरली गेल्याचे आढळले होते. दुसऱ्याच दिवशी कंपनीने सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे मान्य केले.

एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी भारतातील ‘विप्रो’ या माहिती तंत्रज्ञान कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे वृत्त प्रथम प्रसिद्ध केले. काही कर्मचारी फसव्या ई-मेलला बळी पडल्याचे कंपनीने त्यानंतर मान्य केले.

हल्ले आणि प्रतिकार

या वार्तांकनाचे पडसाद थेट त्यांच्या घरापर्यंत उमटले. मार्च २०१३ मध्ये पोलिसांना खोटा दूरध्वनी करण्यात आला आणि सशस्त्र पथक त्यांच्या दारात येऊन ठाकले. अशा कृत्यास ‘स्वॅटिंग’ असे म्हणतात. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांना गोवण्यासाठी टपालाने हेरॉईन पाठवण्यात आले. मात्र हा कट चर्चास्थळावर शिजत असतानाच क्रेब्स यांनी तो पाहिला होता व पोलिसांना आधीच कळवले होते.

सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांच्या संकेतस्थळावर सेकंदाला सुमारे ६२० गिगाबिट इतका डीडॉस हल्ला झाला. असंख्य यंत्रांकडून एकाच वेळी मारा करून संकेतस्थळ बंद पाडणे, असे या हल्ल्याचे स्वरूप असते. ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने घराघरांतील कॅमेरे आणि राउटर यांचा ताबा घेऊन हा मारा केला होता. ‘अकामाई’ ही कंपनी क्रेब्स यांना तोवर विनामूल्य संरक्षण देत होती. हल्ल्याचा भार वाढताच तिने ते काढून घेतले व संकेतस्थळ काही दिवस बंद राहिले. पत्रकारांसाठी विनामूल्य असलेल्या गुगलच्या ‘प्रोजेक्ट शील्ड’ने त्यांना आश्रय दिला. जानेवारी २०१७ मध्ये क्रेब्स यांनी ‘मिराई’चा कर्ता म्हणून पारस झा या विद्यार्थ्याचे नाव प्रसिद्ध केले. झा याने डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला.

चूक आणि दुरुस्ती

२०२१ मध्ये ‘युबिक्विटी’ या कंपनीतील माहितीचोरीविषयी त्यांनी एका जागल्याच्या हवाल्याने लेखन केले. पुढे तोच माहितीचोरीतील आरोपी निघाला. कंपनीने २०२२ मध्ये क्रेब्स यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा दाखल केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी संबंधित लेख मागे घेऊन दिलगिरी व्यक्त केली. मोठ्या वृत्तपत्रात संपादक आणि विधी विभाग यांच्यात विभागली जाणारी जबाबदारी येथे एकट्या लेखकावर येऊन पडली होती.

मे २०२५ मध्ये त्यांच्या संकेतस्थळावर सेकंदाला सुमारे ६.३ टेराबिट, म्हणजे २०१६ च्या दसपट, हल्ला झाला. ‘प्रोजेक्ट शील्ड’च्या संरक्षणाखाली असलेल्या संकेतस्थळावरील हा मारा सुमारे ४५ सेकंद चालला.