हुमणी, गांडूळ आणि बी.एच.सी.

कोल्हापूरच्या गुळाचा आणि साखरेचा सारा संसार उसावर उभा आहे, आणि त्या उसाचा जुना वैरी म्हणजे हुमणी. वळवाचा पाऊस पडला की जमिनीतून भुंगेरे बाहेर येतात, बाभळीचा व कडुलिंबाचा पाला खातात आणि पुन्हा मातीत शिरून अंडी घालतात. त्यांतून निघणारी अळी उसाची मुळे कुरतडते. मग उभे पीक वाळते. अशा शत्रूवर शेतकऱ्यास जालीम औषध हवे होते, यात नवल नाही.

ते औषध बी.एच.सी.च्या भुकटीच्या रूपाने आले. हे द्रव्य मायकेल फॅरडे याने १८२५ मध्येच तयार केले होते. परंतु त्याचा कीटकनाशक गुण १९४० नंतर ध्यानात आला. १९५२ पासून ते आपल्या देशात, कलकत्त्याजवळील रिश्रा येथे, तयार होऊ लागले. त्यात कीटकांस मारणारा अंश शेकडा दहा ते पंधरा एवढाच असे. उरलेला भाग किडीस फारसा बाधत नसे, पण मातीत मात्र तोही पडे, आणि त्यातील काही अंश वर्षानुवर्षे टिके.

हुमणीचे घरच मातीत. सबब औषधही मातीतच मिसळावे लागे. त्याच मातीत गांडुळांची वस्ती असते. गांडुळे जमीन कशी उलथून सुपीक करतात, हे चार्ल्स डार्विन याने १८८१ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहून दाखविले होते. तेव्हा शत्रूसाठी घातलेले विष मित्रास बाधते की नाही, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता.

तो विचारण्याची सर्वमान्य रीत मात्र उशिरा ठरली. १९८४ मध्ये आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने गांडुळांवरील चाचणी निश्चित केली. शेकडा सत्तर भाग वाळू, वीस भाग चिनी माती आणि दहा भाग वनस्पतिजन्य पीट अशी कृत्रिम माती करावयाची, तीत द्रव्य निरनिराळ्या प्रमाणांत मिसळावयाचे, आणि चौदा दिवसांत किती गांडुळे मरतात ते मोजावयाचे.

पण गांडूळ जगले, एवढ्याने द्रव्य निर्दोष ठरते काय? अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९५४ नंतर एल्म वृक्षांवर डी.डी.टी. फवारली गेली. गळलेली पाने गांडुळांनी खाल्ली. पुष्कळशी गांडुळे जगली, परंतु विष त्यांच्या देहात साठले, आणि ती खाणारे रॉबिन पक्षी मेले. यास्तव निव्वळ मृत्यू मोजून भागत नाही. २००४ च्या नव्या चाचणीत चार आठवड्यांनी प्रौढ गांडुळे काढून घेतात आणि आणखी चार आठवड्यांनी पिले मोजतात. तरीही ती कृत्रिम माती म्हणजे पंचगंगाकाठची काळी, जड जमीन नव्हे, आणि चाचणीतील शेणखतात वाढणारे गांडूळ म्हणजे उसाच्या शेतातील गांडूळ नव्हे, हे विसरता कामा नये.

बी.एच.सी.वर आपल्या देशात १ एप्रिल १९९७ पासून बंदी आली. म्हणजे पंचेचाळीस वर्षे परीक्षा शेतात चालली, आणि परीक्षार्थी होती आपली जमीन.

आज हुमणीसाठी भुंगेरे गोळा करून मारण्याचा आणि मेटारायझियम ही बुरशी मातीत घालण्याचा सल्ला दिला जातो. ही बुरशी स्वतःच मातीतील एक जीव आहे. तथापि नवे औषध कोणतेही असो, ‘कीड मरते काय’ या प्रश्नाबरोबरच ‘मातीत मागे काय उरते, आणि ते कोणाच्या पोटात जाते’ हाही प्रश्न शेतकऱ्याने विक्रेत्यास विचारावा. त्याचे उत्तर पोते फोडण्यापूर्वी मिळाले पाहिजे.