सदुसष्ट सालचा संघ

कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा असतो. शिवाजी पेठेत खंडोबा तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ, मंगळवार पेठेत पाटाकडील आणि बालगोपाल, रविवार पेठेत दिलबहार. संघांच्या नावातच तालीम आहे, कारण चेंडू यायच्या आधी इथे लाल माती होती, जोर-बैठका होत्या. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान झालं. पुढे त्याच तालमींची पोरं फुटबॉल खेळू लागली आणि आखाड्यातली ईर्षा मैदानात उतरली. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची केएसए, स्थापन झाली. एके काळी जिथे रावणेश्वराचं तळं होतं, तिथे आज शाहू स्टेडियम आहे. मोठी मॅच असली की अजूनही निम्मी पेठ तिकडे लोटते.

हा इतिहास जपला गेलाय. तालमीत गेलं की भिंतीवर फोटो, कपाटात चषक. आमच्या घरात मात्र लहानपणापासून दुसरीच एक गोष्ट कानावर पडायची. तिचा फोटो कुठे नाही, चषक तर नाहीच. ती थोरल्या काकांच्या कॉलेजच्या संघाची, १९६७ सालच्या हंगामाची.

काका शिवाजी पेठेतले, डाव्या पायाचे, लेफ्ट इन खेळायचे. सेंटर हाफ होते आप्पा, ते मंगळवार पेठेतले. त्याआधीच्या उन्हाळ्यात पेठांच्या एका मॅचमध्ये आप्पांनी काकांना असं आडवं घातलं होतं की नडगीवरची खूण काका अजून धोतर वर करून दाखवतात. जूनमध्ये दोघं एकाच कॉलेजच्या मैदानावर, एकाच रंगाच्या जर्सीत उभे राहिले. पहिले काही दिवस आप्पांनी काकांकडे एक पास दिला नाही. काका मोकळे उभे राहून हात वर करायचे, आणि आप्पा चेंडू उलट बाजूला मारायचे.

जिमखान्याचं काम पाहणारे सर मूळचे रसायनशास्त्राचे. स्वतः फुटबॉल कधी खेळले नव्हते. त्यांनी सरावात एक नियम घातला: गोल मारणारा आणि त्याला पास देणारा, दोघं वेगवेगळ्या पेठांचे असतील तरच गोल धरायचा. पोरांनी कुरकुर केली. एक-दोन संध्याकाळी गोलशून्य गेल्या. मग हळूहळू चेंडू फिरू लागला. मला विचाराल तर कोल्हापूरच्या फुटबॉलला मिळालेला इतका शहाणा मास्तर दुसरा नसेल.

चेंडू तेव्हा चामड्याचा होता, तोंडाला वादी असलेला. आत ब्लॅडर सारायचा, पंपानं हवा भरायची, ब्लॅडरची मान दुमडून दोऱ्यानं बांधायची, ती आत कोंबायची आणि वादी आकड्यानं ओढून घट्ट आवळायची. हे काम आप्पांचं. गाठ जरा वर राहिली की हेड मारणाऱ्याच्या कपाळावर वळ उठायचा. पावसात चेंडू पाणी पिऊन दगडासारखा जड व्हायचा, म्हणून आदल्या रात्री त्याला तेल चोळून ठेवायचे. बुटांच्या तळाचे चामडी स्टड खिळ्यांनी ठोकलेले असत, आणि खिळा वर आला की चपला शिवणाऱ्या कारागिराकडे धाव. आजोबांना त्या बुटांचा राग होता. ते सगळा जन्म अनवाणी खेळलेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपली बहुतेक पोरं अनवाणी उतरली आणि फ्रान्सशी फक्त दोन-एक अशी हरली, हे ते अभिमानानं सांगत. १९५२ मध्ये हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं दहा गोल चढवले आणि त्यानंतर देशात बूट सक्तीचे झाले, हे मात्र काकांना सांगावं लागे. आजोबा तेवढ्यापुरते गप्प बसत.

गोलकीपर पाटण तालुक्यातला होता, एका बोर्डिंगात राहणारा. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करून शाहू महाराजांनी जातीजातींच्या वसतिगृहांची जी रांग उभी केली, तिच्या जोरावर खेड्यांतली पोरं कोल्हापुरात शिकत होती. पण पेठेच्या पोरांना बोर्डिंगातली पोरं ठाऊक नसत. हा गडी हुतूतू खेळलेला, पुढून येणाऱ्याच्या पायावर झेप घेणं त्याच्या अंगात मुरलेलं. सरांनी तेवढंच पाहिलं आणि त्याला गोलात उभा केला. आप्पा सांगतात, “मर्दा, त्यानं बॉल धरला म्हणजे धरला. हातमोजे-बितमोजे काही नव्हतं.”

शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये झालं. त्याआधी इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. आता सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांचं केंद्रच कोल्हापूर झालेलं. त्यामुळे शहरातल्या कॉलेजांनी विद्यापीठाचं अजिंक्यपद बाहेर जाऊ द्यायचं नाही, अशी जिद्द होती. काकांचा संघ गावातल्या मॅचेस जिंकला. पुढची मॅच सांगलीला, डिसेंबरात.

११ डिसेंबरला, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, कोयनेचा भूकंप झाला. आमच्या घरात फडताळावरची पितळी भांडी खणखणत खाली आली. आजी लेकरं ओढत अंगणात धावली. उजाडेपर्यंत दोन्ही पेठा रस्त्यावर होत्या. मुंबईची वीज गेल्याचं दिवसा कळलं, कोयनानगरची घरं झोपल्याचंही. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. गोलकीपर सकाळची पहिली मिळेल ती एसटी धरून गावाकडे निघून गेला.

सांगलीची तारीख पुढे गेली. सरांनी सराव बंद केला आणि पोरांना एक हातगाडी मिळवून दिली. घोंगड्या, जुने कपडे, ज्वारी, मिळेल ते गोळा करायचं. शिवाजी पेठेत काकांनी दारं ठोठावली, मंगळवार पेठेत आप्पांनी; पण गाडी दोघांनी मिळून ओढायची, हेही सरांचंच. काका सांगतात की मंगळवार पेठेच्या आतल्या बोळांत त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाय ठेवला. एका घरातली म्हातारी ज्वारी मापता मापता आप्पांना म्हणाली, “ह्यो कोण रं, तुझा भाऊ?” आप्पांनी सांगितलं, “व्हय, लेफ्ट इन हाय.” तिला त्यातलं काय कळलं कोण जाणे, तिनं आणखी एक पायली ओतली. गोळा झालेलं सगळं ट्रकनं कराडला गेलं.

गोलकीपर परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावरचे केस उतरवलेले होते. वडील गेले की आजा, हे काकांना सांगता येत नाही. आप्पा म्हणतात, विचारायची कुणाची छाती झाली नाही. तो दुसऱ्या दिवशी सरावाला आला. सांगलीला तोच गोलात होता आणि त्याच्यावर गोल झाला नाही, यावर दोघांचंही एकमत आहे.

त्यापुढे एकमत संपतं. संघ शेवटी एका गोलानं हरला, एवढं खरं. काकांच्या मते ती फायनल होती. आप्पांच्या मते सेमीफायनल. गोल ऑफसाइड होता, हे काका शपथेवर सांगतात. आप्पा म्हणतात, नव्हता, मीच मागे राहिलो होतो. मी दोघांची वाक्यं वेगवेगळ्या पानांवर लिहून ठेवलीत. कॉलेजांच्या जुन्या हंगामांचं असंच व्हायचं असेल तर निदान दोन्ही बाजू तरी उरायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं. तालमींचे विक्रम ठेवायला सबंध पेठ असते. कॉलेजचा संघ दर वर्षी मोडतो, त्याला पेठ नसते.

आता पोरं आणखी लवकर दूर जातात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या सगळ्या मॅचेस काका आणि आप्पांनी आमच्याच टीव्हीसमोर बसून पाहिल्या. अनिकेतच्या पायात चेंडू आला की दोघंही एकदमच ओरडायचे.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात पेठांच्या मॅचेस सुरू झाल्या आणि दोघं पुन्हा समोरासमोर आले. आप्पांनी पुन्हा काकांना आडवं घातलं. या वेळी मात्र त्यांनी हात देऊन त्यांना उठवलं आणि पाठीवरची माती झटकली. दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांतून शिट्ट्या आल्या. त्या रात्री तालमीत आप्पांना जाब विचारला गेला. त्यांनी सांगितलं, आमच्या संघाचा माणूस आहे.