शार्पाक, झॉर्झ

(१ ऑगस्ट १९२४ – २९ सप्टेंबर २०१०). फ्रेंच भौतिकीविज्ञ. मूलकणांचे अभिज्ञातक, विशेषतः बहुतारी प्रमाणी कोठी, शोधून काढून विकसित केल्याबद्दल १९९२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यांना एकट्याला देण्यात आले. मेघकोठीसाठी सी. टी. आर. विल्सन (१९२७) आणि बुद्‌बुद कोठीसाठी डॉनल्ड ग्लेसर (१९६०) यांचा असाच गौरव झाला होता. त्या दोन्ही उपकरणांत मात्र कणाचा मार्ग छायाचित्रात उमटत असे. शार्पाक यांच्या कोठीने छायाचित्राची गरजच उरू दिली नाही.

त्यांचा जन्म तत्कालीन पोलंडमधील (आता युक्रेन) एका ज्यू कुटुंबात झाला. ते सात वर्षांचे असताना कुटुंब पॅरिसला आले. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच प्रतिकार चळवळीत भाग घेतल्याने १९४३ मध्ये व्हिशी सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. १९४४ मध्ये त्यांची रवानगी डाखाऊच्या छळछावणीत झाली आणि एप्रिल १९४५ मध्ये छावणी मुक्त होईपर्यंत ते तेथेच होते. १९४६ मध्ये त्यांना फ्रेंच नागरिकत्व मिळाले. खाण अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर ते कॉलेज द फ्रान्समध्ये फ्रेदेरिक झोल्यो-क्यूरी यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले आणि अणुकेंद्रीय भौतिकीत डॉक्टरेट मिळवली. संशोधनाला लागणारी उपकरणे स्वतः बनवण्याची सवय त्यांना तेथेच जडली.

१९५९ मध्ये लिऑन लेडरमन यांच्या प्रयत्नाने ते जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत आले. म्यूऑनच्या चुंबकीय परिबलाचे अचूक मापन करणाऱ्या गटात त्यांनी सुरुवातीला काम केले. पण त्यांचे मन रमले ते अभिज्ञातकांत. त्या काळची मुख्य अडचण वेगाची होती. बुद्‌बुद कोठीतून सेकंदाला जेमतेम एक-दोन छायाचित्रे मिळत आणि ती माणसांना एकेक करून तपासावी लागत. हजारो टकरींतून एखादीच कामाची निघणार असेल, तर ही पद्धत निरुपयोगी ठरत होती. गायगर गणित्राच्या जातीचे प्रमाणी गणित्र पुष्कळ वेगवान होते. पण त्यातून कण आला एवढेच कळे, नेमका कोठून गेला ते कळत नसे.

एकाच कोठीत अनेक तारा शेजारी ताणून बसवल्या, तर हा प्रश्न सुटेल हे कोणालाही सुचण्याजोगे होते. मात्र एका तारेवरचा स्पंद विद्युत् धारितेमुळे शेजारच्या तारांवरही पसरेल आणि मूळ तार ओळखता येणार नाही, असे मानले जाई. १९६८ मध्ये शार्पाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २० मायक्रोमीटर जाडीच्या तारा एकमेकींपासून २ मिमी. अंतरावर, दोन ऋणाग्रांच्या मध्ये बसवून कोठी तयार केली आणि ही भीती निराधार असल्याचे दाखवले. कण वायूतून जाताना अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात व जवळच्या तारेकडे ओढले जातात. तारेलगत विद्युत् क्षेत्र फार तीव्र असल्याने तेथे नव्या इलेक्ट्रॉनांचा लोंढा निर्माण होतो. मोजला जाणारा स्पंद मात्र मुख्यतः मागे उरलेले धन आयन तारेपासून दूर जाऊ लागल्यामुळे मिळतो. या हालचालीने त्या तारेवर ऋण, तर शेजारच्या तारांवर धन स्पंद प्रवर्तित होतो. चिन्हच उलटे असल्याने शेजारचे स्पंद सहज वगळता येतात. शोधाचे सारे मर्म या निरीक्षणात आहे. तारा ताणणे हे त्यामानाने कारागिरीचे काम.

प्रत्येक तारेला स्वतंत्र विवर्धक जोडणे त्याच सुमारास ट्रांझिस्टर स्वस्त झाल्याने परवडू लागले आणि नोंदी थेट संगणकात जाऊ लागल्या. परिणामी नोंदीचा वेग पूर्वीच्या हजारपट झाला. सर्नमध्ये शार्पाक व फाब्यो सॉली यांच्या गटाने पुढे अपवाह कोठीही विकसित केली. इलेक्ट्रॉनांना तारेपर्यंत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून तीत अंतर काढतात. त्यामुळे तारा बऱ्याच विरळ असूनही मिलिमीटरच्या दशांशाइतकी अचूकता साधते. १९७४ मध्ये सॅम्युएल टिंग यांच्या गटाने ब्रुकहेवन येथे जे/साय कण शोधला, तेव्हा बहुतारी कोठ्या वापरल्या होत्या. सर्नमध्ये डब्ल्यू व झेड कण (१९८३) सापडले, त्यातील यूए-१ प्रयोगाचा गाभा एक मोठी अपवाह कोठी होती.

पुढे त्यांनी हेच तंत्र वैद्यक व जीवशास्त्राकडे वळवले. उभ्या रुग्णाच्या शरीराची अत्यल्प क्ष-किरणांत दोन बाजूंनी एकाच वेळी प्रतिमा घेणारी ईओएस प्रणाली त्यांच्या अभिज्ञातकांवर उभी राहिली. पाठीचा कणा वाकलेल्या मुलांची वारंवार तपासणी करावी लागते. तेथे प्रारणमात्रा कमी असणे फार मोलाचे ठरते. १९९० च्या दशकात यानिस जोमातारिस यांच्यासह त्यांनी मायक्रोमेगास हा तारांऐवजी सूक्ष्म जाळी वापरणारा अभिज्ञातक विकसित केला. सर्नच्या ॲटलास प्रयोगात म्यूऑन टिपण्यासाठी तो आज वापरला जातो.

१९८५ मध्ये ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. सोव्हिएट राजवटीने छळलेल्या साखारोव्ह, ऑर्लोव्ह आदींच्या सुटकेसाठी सर्नमधील वैज्ञानिकांनी जी समिती स्थापन केली, तिच्यातही ते सक्रिय होते. शाळकरी मुलांनी हाताने प्रयोग करून विज्ञान शिकावे यासाठी पिएर लेना व इव्ह केरे यांच्याबरोबर त्यांनी १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ‘ला में आ ला पात’ हा उपक्रम सुरू केला. छद्मविज्ञानाचे वाभाडे काढणारे एक पुस्तकही त्यांनी आंरी ब्रोक यांच्यासह लिहिले. पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.