मतदानाचा मोसम

1984 चा डिसेंबर. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. दादीचा हात धरून मतदान केंद्रावर गेलो होतो. तिने बुरख्यावर जाड शाल घेतली होती आणि रांगेतल्या बाया कोवळे ऊन खात उभ्या होत्या. पुढे 13 मे 2024 रोजी अम्मीला घेऊन मी पुन्हा तसाच रांगेत उभा राहिलो. सकाळी सातलाच निघालो, तरी मांडव लहान आणि रांग मोठी. अम्मीच्या डोक्यावर ओला रुमाल, हातात पाण्याची बाटली. चाळीस वर्षांत शाल गेली आणि ओला रुमाल आला. हे कसे झाले?

ऊन वाढले, हे उत्तर खरे असले तरी अर्धेच आहे. उन्हाच्या आधी मतदानाचा महिना बदलला.

आपल्या निवडणुकांचा हवामानाशी संबंध पहिल्या दिवसापासूनचा. स्वतंत्र भारताचे पहिले मतदान 25 ऑक्टोबर 1951 रोजी सुरू झाले, ते हिमाचलातल्या चिनी या दुर्गम भागात. कारण साधे होते. बर्फ पडू लागला की तिथल्या वाटा बंद होतात. तेव्हा बर्फाच्या आधी मते घ्या, असे ठरले. श्यामसरन नेगी या शाळामास्तरांनी त्या वेळी मत दिले आणि ते देशाचे पहिले मतदार म्हणून ओळखले गेले. देशाच्या बहुतेक भागांत मात्र मतदान 1952 च्या आरंभी झाले. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. निजामी राजवटीत ज्यांना कुणी मत विचारले नव्हते, ती माणसे प्रथमच मत द्यायला निघाली, ती हिवाळ्यात. 1957 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ औरंगाबादेतून लोकसभेवर निवडून गेले, ती निवडणूक फेब्रुवारी-मार्चमधली. 1962 आणि 1967 ची फेब्रुवारीत, 1971 आणि 1977 ची मार्चमध्ये, 1980 ची जानेवारीत, 1984 ची डिसेंबरात, 1989 ची नोव्हेंबरात. सुगीचा हंगाम आणि मतदान यांचे बरे जमले होते.

ही घडी मोडली 1991 मध्ये. चंद्रशेखर सरकार मार्चमध्ये कोसळले आणि मतदान मे-जूनमध्ये आले. 1996 ची निवडणूक एप्रिल-मेमध्ये झाली. 1998 साली पुन्हा फेब्रुवारी आणि 1999 साली सप्टेंबर-ऑक्टोबर असे दोन अपवाद झाले. 1999 च्या लोकसभेची मुदत 2004 च्या ऑक्टोबरपर्यंत होती. पण वाजपेयी सरकारने मुदतीआधीच, फेब्रुवारीत, लोकसभा विसर्जित करण्याचा निर्णय घेतला आणि 20 एप्रिल ते 10 मे या काळात मतदान झाले. त्यानंतरच्या प्रत्येक लोकसभेने आपली पाच वर्षे पुरी केली. त्यामुळे 2009, 2014, 2019, 2024 अशी प्रत्येक निवडणूक उन्हाळ्यातच आली. एका वर्षीची राजकीय सोय दोन दशकांचा रिवाज होऊन बसली.

2024 मध्ये त्याची किंमत दिसली. मतदान सात टप्प्यांत, 19 एप्रिल ते 1 जूनपर्यंत चालले. 24 एप्रिलला पुसदच्या सभेत नितीन गडकरी यांना उन्हामुळे भाषण करता करताच भोवळ आली. एकेकाळी आपल्यासोबत हैदराबाद राज्यात असलेल्या तेलंगणात उन्हामुळे मतदानाची वेळ एका तासाने वाढवावी लागली. आणि 1 जूनच्या शेवटच्या टप्प्यात एकट्या उत्तर प्रदेशात निवडणुकीच्या कामावरची 33 माणसे उष्णतेने दगावली. सुरक्षा रक्षक होते, सफाई कामगार होते. नेत्याला भोवळ आली तर सावरायला माणसे धावतात. यंत्राची पेटी सांभाळणाऱ्याला तेवढे भाग्य नसते. दोनच दिवसांनी मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी कबूल केले की निवडणूक महिनाभर आधी उरकायला हवी होती.

मग आधी का घेत नाहीत? कायदा आड येत नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार सभागृहाची मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून निवडणुकीची अधिसूचना काढता येते. अडचण वेगळी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. मतदानाला लागणाऱ्या खोल्या शाळांच्या आणि राबणारी माणसे बहुतेक शिक्षकच.

आपल्या मराठवाड्याचा आणखी एक प्रश्न आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतले ऊसतोड कामगार दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडतात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हिवाळ्यात मतदान घेतले तर यांचे मत फडातच राहते. 20 नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा मतदानाच्या वेळी गाळप हंगामाच्या आरंभामुळे हाच पेच उभा राहिला होता.

पावसाचेही तसेच. 2019 मध्ये विधानसभेच्या प्रचारात 18 ऑक्टोबरला साताऱ्यात भर पावसात शरद पवार बोलत राहिले, ते चित्र सर्वांना आठवत असेल. त्याच वर्षी उन्हाळ्यात राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झालेला होता. महाराष्ट्रातले मतदान 29 एप्रिलला आटोपले, पण निकाल 23 मेला असल्याने आचारसंहिता चालूच होती. दुष्काळी कामांसाठी ती शिथिल करा, अशी विनंती राज्य सरकारला करावी लागली आणि आयोगाने ती मान्य केली. तहानलेल्या गावाला आचारसंहितेचे कलम सांगून भागत नाही.

म्हणजे कोणताही महिना निवडा, कुणाची तरी गैरसोय होणारच. पण गैरसोयी सारख्या नसतात. परीक्षा पंधरा दिवस मागेपुढे करता येते. ऊसतोड कामगाराला कारखान्याजवळच मत देता यावे, अशी तजवीज मनात आणले तर करता येईल. उन्हाने गेलेला माणूस मात्र परत आणता येत नाही.

अठराव्या लोकसभेची पहिली बैठक 24 जून 2024 रोजी झाली. पाच वर्षे पुरी झाली, तर डिसेंबर 2028 च्या अखेरीपासून निवडणुकीची दारे उघडी आहेत. वेळापत्रक बदलायचे असेल तर परीक्षा मंडळे, साखर कारखाने आणि आयोग यांनी एकत्र बसायला हवे, आणि तेही वर्षभर आधी. ऐन चैत्रात मंडप घालून काही होणार नाही.

त्या दिवशी अम्मी घरी आली, पंख्याखाली बसली आणि शाई लागलेल्या बोटाकडे पाहत म्हणाली, "बेटा, मत तो दूँगी, पण पुढच्या वेळी जरा थंडीत बोलवायला सांग."

तिचा निरोप मी आज इथे पोहोचवला आहे.