आघातोत्तर तणाव विकृती (आपत्तिग्रस्त हृद्‌रुग्णांतील)

जीवघेण्या प्रसंगाच्या आठवणी नकळत पुनःपुन्हा जाग्या होणे, दुःस्वप्ने, निद्रानाश व अतिसावधता ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकल्यास त्या अवस्थेस आघातोत्तर तणाव विकृती म्हणतात. ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानमध्ये झालेल्या भूकंपानंतर व त्सुनामीनंतर तोहोकू विद्यापीठातील संशोधकांनी हृद्‌रुग्णांची पाहणी केली, तेव्हा ही विकृती असलेल्यांत मृत्यूचे तसेच हृद्‌विकार व पक्षाघात यांमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण अधिक आढळले. तणावामुळे अनुकंपी तंत्रिका तंत्र, म्हणजे आणीबाणीत शरीराला सज्ज करणारी मज्जाव्यवस्था, सतत उद्दीपित राहून रक्तदाब व हृदयगती वाढतात आणि त्यातच औषधोपचार खंडित झाल्यास धोका बळावतो. म्हणून आपत्तीनंतर अशा रुग्णांना औषधांइतकीच मानसिक तपासणी व समुपदेशनाचीही निकड असते.