बिलिअरी अट्रेशिया : तान्ह्या बाळाची कावीळ आणि ६० दिवसांची मुदत

नवजात बाळाची कावीळ घरोघरी परिचयाची असते. ती बहुधा दोन आठवड्यांत ओसरते, म्हणून ‘कोवळ्या उन्हात धरा, जाईल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. बिलिअरी अट्रेशिया या दुर्मीळ जन्मजात विकारात मात्र या सल्ल्यावर विसंबून घालवलेले आठवडे भरून काढता येत नाहीत.

यकृतात तयार होणारे पित्त नलिकांवाटे आतड्यात उतरते. या विकारात यकृताबाहेरील पित्तनलिका आक्रसून बुजतात, पित्त आतच तुंबते आणि यकृत हळूहळू कठीण होत जाते. उपचार न झाल्यास बहुतेक बाळे दोन वर्षांपलीकडे जगत नाहीत. विकाराचे नेमके कारण अद्याप सिद्ध झालेले नाही. गरोदरपणातील आईच्या खाण्यापिण्याला त्यासाठी बोल लावण्यास कोणताही आधार नाही.

निदान लांबते ते बाळाच्या बाह्य रूपामुळे. ते जन्मतः गुटगुटीत असते, दूध पिते, सुरुवातीला वजनही बरे वाढते. खूण लंगोटात असते. शी पिवळी न राहता पांढुरकी वा मातकट होते आणि एरवी पाण्यासारखी असणारी लघवी कापडावर पिवळा डाग पाडते. १४ दिवसांनंतरही कावीळ टिकली, तर बिलिरुबिनचा ‘डायरेक्ट’ घटक रक्तचाचणीत स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक ठरते. हा घटक उन्हाने किंवा निळ्या दिव्याखाली ठेवल्याने कमी होत नाही.

जपानमधील सेंदाई येथील शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात या विकारावरील शस्त्रक्रिया विकसित केली. तीत बुजलेल्या नलिका काढून लहान आतड्याचा एक भाग थेट यकृताच्या मुखाशी जोडला जातो, जेणेकरून आतील सूक्ष्म वाटांतून पित्त झिरपावे. बाळ ६० दिवसांचे होण्याआधी ती झाल्यास यशाची शक्यता अधिक असते. तरीही तो कायमचा इलाज म्हणता येत नाही. पित्तमार्गाला वारंवार संसर्ग होऊ शकतो आणि अनेक मुलांना पुढे यकृत प्रत्यारोपण करावेच लागते.

देशात लहान मुलावरील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत झाले, ते याच विकाराने ग्रासलेल्या, दोन वर्षांहून लहान मुलावर. वडिलांनी आपल्या यकृताचा भाग त्याला दिला होता. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. मात्र प्रत्यारोपणाचा खर्च आणि आयुष्यभराची औषधे अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असतात. म्हणूनच वेळेत झालेल्या पहिल्या शस्त्रक्रियेचे मोल मोठे आहे.

तैवानने यावर साधा उपाय योजला. २००४ पासून तेथे प्रत्येक बाळाच्या आरोग्य पुस्तिकेत शौचाच्या रंगांचे छायाचित्र-पत्रक दिले जाते. पालक घरीच रंग ताडून पाहतात. त्यानंतर तेथे वेळेत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचे प्रमाण वाढले. भारतात गृहभेट कार्यक्रमानुसार आशा कार्यकर्ती १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाला पाहण्यास येते. या चारही भेटी ६० दिवसांच्या आतील आहेत आणि शीचा रंग विचारण्यास कोणतेही उपकरण लागत नाही.